डाव्या हाताची सुमी

सुमीची नि माझी ओळख भांडणातून झाली. म्हणजे भांडायला मी गेले होते. तिच्याकडून काही साथ मिळाली नाही.

बंगळुरूत व्हाइटफील्डच्या आमच्या सोसायटीत आम्ही चौथ्या मजल्यावर. पाचव्यावर नवीन भाडेकरू आले आणि दिवसभर डोक्यावर आवाज सुरू झाला. आधी घरंगळल्यासारखा लांबलचक, मग ‘ठक’. थोडी उसंत, की पुन्हा तेच. मधूनच ‘टण्’. माझी सगळी नोकरी विमानांच्या कारखान्यात, चाचणी विभागात गेली. कुठला भाग कशाने थरथरतो हे शोधणं हेच काम. त्यामुळे कारण न कळलेला आवाज मला सहन होत नाही. “वरच्यांचं पोर गोट्या खेळत असेल,” असं म्हणून आमचे हे कूस बदलून झोपले. मी पदर खोचला आणि जिना चढले.

दार एका तिशी ओलांडलेल्या बाईने उघडलं. सडपातळ, उन्हाने रापलेली, घरातही डोक्यावर टोपी. हातात गोल्फची काठी. तिच्या मागे फरशीवर हिरव्या गालिच्याची लांब पट्टी, आणि पट्टीच्या टोकाला कॉफीचा स्टीलचा डबरा, म्हणजे पेल्याखालची खोलगट वाटी, आडवा ठेवलेला. चेंडू डबऱ्यात गेला की टण्, चुकून भिंतीला लागला की ठक.

सोसायटीच्या मीटिंगसाठी राखून ठेवलेलं सगळं इंग्रजी मी तिच्यावर रिकामं केलं. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. माझं संपल्यावर ती कमरेतून वाकली, आणि माझा राग तिच्या टोपीकडे बघत नुसता उभा राहिला.

“कधी बंद ठेवू?” तिने विचारलं.

“दुपारी. दोन ते चार.”

“सरी,” ती म्हणाली. ‘बरं’ या अर्थाचा हा कन्नड शब्द ती इथे आल्या आल्या वॉचमनकडून शिकली होती.

त्या दिवसापासून दोन ते चार वर टाचणी पडल्याचाही आवाज नाही. आमच्या सोसायटीत कुत्र्यांचे नियम आहेत, ड्रिलिंगचे आहेत, पार्किंगचे तर छापून लावलेत. पाळलेला एकही मी पाहिला नव्हता. त्या शांततेने उलट माझीच झोप उडाली. शेवटी तीच एका संध्याकाळी सोललेल्या, एकसारख्या फोडी केलेल्या सफरचंदांची बशी घेऊन खाली आली. मला काय म्हणायचं, असं तिने विचारलं. आमच्या दोघींकडे काम करणारी रत्नम्मा मला अक्का म्हणते, हे तिने ऐकलं होतं. अक्का म्हणजे थोरली बहीण, असं मी सांगितलं.

“आमच्यात ऑन्नी,” ती म्हणाली. “पण इथे अक्का.”

आमचं बोलणं इंग्रजीत चाले. तिच्याकडे शब्द कमी, माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, म्हणून ती आहे त्याहून बोलकी वाटेल.

सुमी कोरियाची. व्यावसायिक गोल्फ खेळणारी. नवरा जुनहो इथल्या एका कोरियन कंपनीत इंजिनियर; सकाळी कंपनीची कॅब त्याला गिळायची आणि रात्री परत आणून टाकायची. सुमी पहाटे गोल्फ कोर्सवर जायची, अकराला यायची आणि मग घरात तो डबरा. कोर्सवर खेळणाऱ्यांच्या बॅगा उचलणाऱ्या कॅडी पोरांकडून ती जेवढं कन्नड शिकली त्यात सगळ्यात आवडता शब्द ‘स्वल्प’. स्वल्प डावीकडे, स्वल्प जोरात, स्वल्प हळू. सगळं जग ती या मापाने मोजायची. एकदा माझी आमटी तोंडात घेऊन म्हणाली, “अक्का, मीठ स्वल्प लाँग.” म्हणजे चेंडू होलच्या पुढे गेला. त्यानंतर आमच्या घरात खारट हा शब्द कुणी वापरत नाही.

‘प्रयत्न करीन’ असं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एक तर ‘करते’, नाही तर ‘नाही करत’. कुठला दिवस वाईट गेला की म्हणायची, “आज नव्हतं,” आणि बूट काढून जुन्या टूथब्रशने घासायला बसायची. बूट स्वच्छ झाले की दिवस संपला. पुन्हा त्याचा विषय नाही. मी मात्र माझ्या साहेबाने मला कुठल्या मीटिंगमध्ये काय ऐकवलं होतं ते तिला निवृत्तीनंतरही रंगवून सांगत असे. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “अक्का, बूट घास.”

एकदा मी तिला शास्त्र शिकवायला गेले. बंगळुरू उंचावर, इथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू समुद्रकाठच्यापेक्षा लांब जाणार, वगैरे कागदावर आकृत्या काढून दाखवलं. तिने सगळं मान लववून ऐकलं. मग म्हणाली, “हो. मी आले त्याच दिवशी मोजलं.” आमचे हे पेपराआड तोंड लपवून हसले, ते मी पाहिलं.

लांबचे फटके ही तिची अडचण नव्हतीच. चेंडू होलजवळच्या हिरवळीवर आला, की तो हलकेच ढकलून आत घालायचा असतो. पटर नावाच्या काठीने. बघणाऱ्याला वाटतं, हे तर मीही करीन. तिथेच सुमीचं घोडं पेंड खात होतं. तिचा उजवा हात चेंडूला टेकायच्या ऐन क्षणी झटका द्यायचा. लांबच्या अंतरावरून नाही, जवळून. जितकं सोपं, तितका झटका मोठा. या खेळात या दुखण्याला नावदेखील आहे, पण ते खेळाडू उच्चारत नाहीत. सुमीने मला ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा बोलायचं नाही, असं बजावलं.

मला वाटलं, हा तर माझाच विषय. थरथर कुठून येते ते शोधायचं, तिथे वजन नाही तर आधार द्यायचा. मी मनगटाला पट्टा सुचवला, काठीची लांबी बदलायला सांगितलं. ती हसली. तिकडे कोरियात, सोल शहरातल्या डॉक्टरांनी मनगट सगळ्या बाजूंनी तपासलं होतं. “मनगट चांगलं आहे अक्का. ते घाबरलंय.”

तिचे वडील एका बंदराच्या गावात माशांच्या सुपाचं छोटं हॉटेल चालवायचे. पोरगी गोल्फमध्ये चमकते म्हटल्यावर हॉटेल बायकोवर सोपवून ते पोरीची गाडी हाकायला लागले. पुढे तिची बॅगही तेच उचलायला लागले. कोरियात असे बाप खूप, असं ती म्हणायची. पोरगी खेळते, पण कारकीर्द दोघांची असते. कुठल्या हिरवळीचा उतार कुठे, हे बाप सांगणार आणि पोरगी मारणार. मग एका स्पर्धेच्या शेवटच्या होलवर, हातभर अंतरावरून, वर्षभराचं खेळायचं कार्ड टिकवायला एवढा एकच फटका उरलेला असताना तिच्या हाताने पहिल्यांदा झटका दिला. चेंडू होलला वळसा घालून पुढे गेला. परतीचाही चुकला. कार्ड गेलं.

“बाबा ओरडले का?” मी विचारलं.

“नाही. काहीच बोलले नाहीत. चार तास गाडी चालवली. वाटेत थांबून मला आवडतात त्या शेवया घेऊन दिल्या.” मग म्हणाली, “ओरडले असते तर बरं झालं असतं.”

त्या दिवसानंतर बापाने तिची बॅग उचलली नाही आणि खेळाविषयी अवाक्षर काढलं नाही. तिकडे नव्या मुली अठराव्या वर्षी मैदानात उतरतात. तिशीतली बाई म्हणजे जवळजवळ निवृत्तच. वडिलांनी गावात एक जागा बघून ठेवली होती. बंद हॉलमध्ये पडद्यावर चेंडू मारायला शिकवायचं, बाहेर पाटीवर सुमीचं नाव. तिने त्यांच्याकडे एक वर्ष मागून घेतलं होतं. बंगळुरूजवळच्या कोर्सवर हिवाळ्यात बायकांची एक स्पर्धा व्हायची. पहिल्या तिघींना परदेशातल्या स्पर्धांचं वर्षभराचं कार्ड. ते मिळालं तर खेळायचं. नाही मिळालं तर परत जाऊन पाटीखाली बसायचं. हे वचन तिने फोनवर दिलं होतं, आणि सुमी दिलेला शब्द कसा पाळते, हे माझ्या दुपारच्या झोपेला माहीत होतं.

त्या वर्षात तिने जे ठरवलं ते ऐकून मी कपाळावर हात मारला. बाकी सगळे फटके उजव्या बाजूने मारायचे, पण हिरवळीवर आलं की उलट बाजूला उभं राहायचं आणि पटर डावखुऱ्यासारखा चालवायचा. “डाव्या हाताला माहीत नाही काय झालं ते,” ती म्हणाली. “त्याला कुणी सांगायचं नाही.” म्हणजे वीस-बावीस वर्षांचं शिक्षण बाजूला ठेवून बालवाडीत बसायचं. डोक्यावरचे ते ठक आणि टण् कशासाठी, हे मला आत्ता कुठे कळलं. पहिले कित्येक दिवस तर बहुतेक ठकच होतं.

डावखुऱ्यांचे पटर दुकानात मिळतात, पण हिला हवा तेवढा जड कुणाकडे नव्हता. मी तिला बंगळुरूच्याच शिवाजीनगरला घेऊन गेले. तिथे गल्लीत एक लेथवाला आहे, कारखान्याच्या दिवसांपासून माझ्या ओळखीचा. त्याने काठीच्या खालच्या तोंडाला पितळेचा तुकडा बसवून दिला. सुमीने हातात घेऊन बघितलं, मान हलवली. “स्वल्प कमी.” त्याने घासला. “आणखी स्वल्प.” पुन्हा घासला. चहा आला, गेला. बाहेर बसस्टँडवरून बसवर बस सुटत होत्या. शेवटी तो वैतागून मला म्हणाला, “क्या मॅडम, डंडाच है ना ये? सोना तोल रहे क्या?” सुमीला मी त्याचं भाषांतर करून सांगितलं. तिने अगदी गंभीरपणे त्याला कमरेतून वाकून नमस्कार केला आणि काठी पुन्हा पुढे केली. तो बिचारा निमूट घासायला बसला.

डाव्या हाताचा ध्यास तिने घरभर पसरवला. दात डाव्या हाताने, कुलूप डाव्या हाताने, चॉपस्टिकही डाव्या हातात. उजवा हात खिशात. त्यावरून गणपतीत रामायण झालं. सोसायटीत आम्हा मराठी लोकांचा गणपती बसतो. त्याच्या सर्वेसर्वा राव काकू. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी अशी, की अर्धं वाक्य कन्नडमध्ये निघतं आणि पोचतं मात्र नेमकं. आरती झाल्यावर काकू मोदक वाटत होत्या. सुमी पुढे आली आणि तिने डावा हात पसरला.

काकूंनी मोदक मागे घेतला. “अय्यो! देवाचं डाव्या हाताने घेतात का गं? हिला कोणी स्वल्प रीत शिकवली की नाही?”

सगळे बघायला लागले. मी पुढे होऊन समजावू लागले, की काकू, हिचं असं असं आहे, वर्षभराचा प्रश्न आहे. काकू ऐकायला तयार नव्हत्या. सुमीला भाषा कळली नाही, पण प्रकार कळला. तिने खिशातला उजवा हात काढला. आता ही हरली, असं मला वाटलं. पण तिने दोन्ही हात जोडून ओंजळ पुढे केली आणि मान खाली घातली. मोठ्यांकडून घ्यायचं ते दोन्ही हातांनी, ही त्यांच्याकडची रीत.

काकूंनी ओंजळीत दोन मोदक ठेवले. “आमच्या घरच्या सुना एका हाताने ओढतात,” त्या मला म्हणाल्या, “आणि ही बघ.” त्या दिवसापासून काकू सुमीच्या पक्षात गेल्या. गोल्फ म्हणजे काय, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.

स्पर्धेचा शेवटचा दिवस रविवारी आला. आदल्या दोन दिवसांत सुमी वरच्या पाच जणींत होती, म्हणून काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान काढलं आणि मिनीबस ठरवली. डबाभर चित्रान्न म्हणजे लिंबाचा भात, पाण्याचे जग आणि जपमाळ घेऊन आम्ही पंधरा-वीस जण विमानतळाच्या बाजूच्या त्या कोर्सवर उतरलो. गोल्फ बघायला अशी वऱ्हाडं येत नसावीत. तिथे फटका मारताना कुणी हूं की चूं करायचं नसतं. एक माणूस ‘शांतता’ लिहिलेली पाटी वर धरून उभा असतो. काकूंच्या जपाचा आवाज इतका, की तो पाटी त्यांच्याकडेच वळवून उभा राहिला.

त्यातून आमचं अज्ञान. सुमीचा एक चेंडू उंच गेला आणि वाळूच्या खड्ड्यात बरोबर मधोमध पडला. आम्हाला वाटलं, एवढी जागा मुद्दाम आखून ठेवली आहे म्हणजे तिथेच पाडायचा असणार. आमच्या सगळ्या मंडळाने टाळ्यांचा कडकडाट केला. इतर प्रेक्षक आमच्याकडे बघत राहिले. सुमी खड्ड्यात उतरली, तिने टोपी काढून आम्हाला वाकून नमस्कार केला, आणि चेंडू असा बाहेर काढला की तो होलपासून पावलाभरावर थांबला. मग पटर घेऊन ती उलट बाजूला उभी राहिली आणि डाव्या हाताने तो आत घातला. अख्ख्या दिवसात तिचा हात एकदाही डगमगला नाही. मी दुसरं काही बघतच नव्हते.

शेवटच्या होलवर आलो तेव्हा जुनहोने मला हिशोब सांगितला. बाकीच्यांचा खेळ संपला होता. सुमीचा चेंडू या एका फटक्यात आत गेला तर ती तिसरी, कार्ड मिळालं. नाही गेला तर चौथी. अंतर दोन हातांचं. जुनहो हे सांगताना स्वतःच्या गळ्यातलं ओळखपत्र पिळत होता.

सुमी उकिडवी बसून बराच वेळ उतार बघत राहिली. उठली. डावखुरी उभी राहिली. काकूंचा जपसुद्धा थांबला. काठी मागे गेली, पुढे आली, झटका नाही, थरथर नाही, इतकं सरळ आणि निवांत मी तिला मारताना कधी पाहिलं नव्हतं. चेंडू निघाला. होलच्या तोंडाशी जाऊन तो उजवीकडे वळला, काठाला घासला आणि बाहेर थांबला.

“अय्यो,” काकू म्हणाल्या.

सुमी जागेवरच उभी होती. चेंडूकडे नाही, ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग पुढे जाऊन तिने चेंडू आत ढकलला, बरोबरच्या मुलीशी हात मिळवला, सही करायची तिथे सही केली आणि आमच्याकडे आली. मला रडू आवरत नव्हतं. राग कुणावर काढावा तेही कळत नव्हतं. वर्षभर माझ्या डोक्यावर घरंगळलेला तो चेंडू, आणि शेवटी असं.

“अक्का, पाहिलंस?” तिचे डोळे चमकत होते.

“पाहिलं ना! गेलं सगळं.”

“नाही. हात! हात हलला नाही. मी उतार चुकीचा वाचला. फक्त उतार!” मोठ्या आजाराच्या तपासण्या करून घेतलेल्या माणसाला डॉक्टरने साधी सर्दी आहे म्हणून सांगावं, तसं ती ‘फक्त उतार’ म्हणत होती. काकूंना तिने मिठीच मारली. काकूंना काही समजलं नाही, पण त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चित्रान्नाचा डबा उघडला.

मी न राहवून विचारलं, “बाबांना काय सांगणार?”

तिचं हसू गेलं. तिने खिशातून फोन काढला आणि आमच्यापासून चार पावलांवर जाऊन उभी राहिली. जुनहो माझ्या शेजारी येऊन हलक्या आवाजात सांगत होता. “सांगतेय, कार्ड नाही मिळालं... चौथी आले... म्हणतेय, मी शब्द दिला होता, माहीत आहे.” मग सुमी एक वाक्य फार सावकाश बोलली. जुनहोने मान खाली घातली. “म्हणतेय, मी तो मोडतेय. मी परत येत नाही. मी खेळणार आहे.”

पलीकडे कुणीच बोलत नव्हतं. सुमीने फोन कानाशी इतका दाबला होता, की बोटं पांढरी पडली होती. दिलेला शब्द ती पहिल्यांदा मोडत होती, तोही बापाला दिलेला, आणि बाप पुन्हा एकदा गप्प होता. मला वाटलं, जाऊन तो फोन ओढून घ्यावा आणि त्या माणसाला मराठीत चार शब्द सुनवावेत.

मग फोनमधून काहीतरी आलं. छोटंसं, खरखरीत. सुमीने एकदम तोंडावर हात ठेवला.

“काय म्हणाले?” मी जुनहोला हलवलं. “अरे, काय म्हणाले ते?”

“विचारतायत,” तो म्हणाला, “उतार कुठल्या बाजूला होता.”

तोवर मिनीबसचा ड्रायव्हर हॉर्न मारायला लागला होता. उशीर केला तर हेब्बाळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकू, असं त्याचं म्हणणं. मंडळी निघाली. मी निघता निघता मागे वळून पाहिलं. शेवटच्या होलच्या हिरवळीवर आता दुसरं कुणीच नव्हतं. सुमी तिथे परत गेली होती आणि चेंडू जिथून मारला त्या जागी गवतावर पालथी पडली होती. गाल जमिनीला टेकलेला, फोन डोळ्यांसमोर आडवा धरून कॅमेरा होलकडे केलेला. फोनमधून म्हातारा बाप मोठमोठ्याने काहीतरी सांगत होता, आणि ती त्याला मध्येच तोडून, त्याच्यावर आवाज चढवून, बोटाने गवतावर रेघ ओढून दाखवत होती.